सागरगोटे घ्या आणि आफ्रिकेतल्या गावातले खेळ खेळा : ओवारे, दिकेतो, आंपे आणि बाकीचे, नियमांसकट

आधी पन्नासेक सागरगोटे मिळवून ठेवा, बाकी सगळं नंतर. काष्ठौषधींच्या दुकानात मिळतात, कोकणात किनाऱ्याजवळ त्याचं काटेरी वेलासारखं झुडूप असतं. राखाडी, गुळगुळीत, गोटीएवढी बी. घानात आणि नायजेरियात गावातली पोरं बियांचा जो खेळ खेळतात त्यात हीच बी वापरतात, म्हणजे अगदी हीच, त्याच झाडाची. ही बी समुद्राच्या पाण्यावर तरंगते आणि लाटांबरोबर लांबलांबच्या किनाऱ्यांना जाऊन लागते, त्यामुळे ती इथेही आहे आणि तिथेही आहे. मी उन्हाळी सुट्टीत मुलांसोबत हे खेळ घेते आणि माझं ठाम मत आहे की यातला एकही खेळ विकत आणायची गरज नाही, ऑनलाइन मिळणारा लाकडी किंवा प्लास्टिकचा बोर्ड तर मुळीच नको. गावात हे खेळ जमिनीवर, हाताला लागेल त्या वस्तूंनी होतात आणि तसेच ते चांगले वाटतात. फक्त नियम नीट माहिती पाहिजेत, कारण मोबाईलवरचे व्हिडिओ बघितले तर अर्धवट सांगतात आणि मग पोरं दहा मिनिटांत भांडून उठतात.

अजून एक. आफ्रिकेत पन्नासच्या वर देश आहेत, "आफ्रिकन खेळ" असा काही एक प्रकार नसतो. म्हणून मी इथे मुख्य दोनच भाग घेतलेत, पश्चिमेकडचं घाना आणि अगदी खालचे दक्षिण आफ्रिका आणि लेसोथो. मुलांना शिकवताना नकाशा समोर ठेवा आणि खेळ कुठला ते सांगूनच सुरू करा, एवढं तर आपण त्या गावांचं देणं लागतोच.

ओवारे (घाना)

हा सगळ्यात मोठा, सगळ्यात खोल खेळ, त्यामुळे यावरच जास्त लिहिणार आहे. दोघांचा खेळ, ४८ बिया.

जागा तयार करणं : झाडाखाली सावलीत जमिनीवर थोडं पाणी शिंपडा, माती दबली की समोरासमोर ६-६ खळगे करा, दोन ओळी, प्रत्येक खळगा मुठीएवढा. दोन्ही टोकांना एक एक मोठा खळगा, तो फक्त जिंकलेल्या बिया ठेवायला, खेळात तो धरायचा नाही. फ्लॅटमध्ये असाल तर बारा अंड्यांचा ट्रे चालतो. सागरगोटे नाही मिळाले तर चिंचोके घ्या, पण ते हलके असतात, खळग्यात पडल्याचा आवाज येत नाही आणि तो आवाज हवा असतो. घरात तोंडात घालणारं लहान पोर असेल तर बिया मोजून बाहेर काढा आणि मोजूनच आत ठेवा.

मांडणी : प्रत्येक घरात ४ बिया. तुमच्या समोरची सहा घरं तुमची, पलीकडची सहा समोरच्याची. समजायला सोपं म्हणून तुमच्या घरांना डावीकडून उजवीकडे १ ते ६ नंबर द्या, मग तसंच वळून पलीकडच्या ओळीत तुमच्या उजवीकडून डावीकडे ७ ते १२. म्हणजे फिरायचं घड्याळाच्या उलट्या दिशेनं.

चाल : आपल्या कुठल्याही एका घरातल्या सगळ्या बिया उचलायच्या आणि पुढच्या घरापासून एक-एक टाकत जायचं, शेतात पेरत जातो तसं. समजा तुम्ही तिसऱ्या घरातल्या ४ उचलल्या, तर ४, ५, ६ आणि ७ मध्ये एक-एक पडली, त्या चारही घरांत आता ५-५ झाल्या आणि तुमचं तिसरं घर रिकामं. एकाच घरात १२ किंवा जास्त बिया जमल्या असतील तर पेरत पेरत पूर्ण गोल फिरून आल्यावर जिथून उचलल्या ते घर सोडून पुढे जायचं. हा नियम पोरं विसरतात, तुम्ही लक्षात ठेवा.

मारणं : इथे खरी गंमत आहे. तुमची शेवटची बी समोरच्याच्या घरात पडली आणि त्या घरात आता एकूण २ किंवा ३ झाल्या तर त्या सगळ्या तुमच्या. मग तिथून मागे बघायचं, लगेच मागच्या घरातही २ किंवा ३ असतील तर त्याही तुमच्या, त्याच्या मागे, त्याच्या मागे, साखळी तुटेपर्यंत किंवा तुमची ओळ लागेपर्यंत. उदाहरण घेऊन मांडून दाखवा, तोंडी सांगून कळत नाही. तुमच्या सहाव्या घरात ३ बिया आहेत. समोर सातव्यात १, आठव्यात २, नवव्यात १. तुम्ही सहावं घर उचललं, पेरलं, सातव्यात २ झाल्या, आठव्यात ३, नवव्यात २. शेवटची बी नवव्यात पडली, तिथल्या २ मारल्या, मागे आठव्यातल्या ३ मारल्या, मागे सातव्यातल्या २ मारल्या, एका चालीत ७ बिया. आता तीच मांडणी पण आठव्यात आधी ४ असत्या तर पेरल्यावर ५ झाल्या असत्या, साखळी तिथेच तुटली, तुम्हाला फक्त नवव्यातल्या २ मिळतील, सातव्यातल्या २ मागे असूनही नाहीत. हे दोन डाव शेजारी शेजारी मांडले की आठ-नऊ वर्षांचं पोरगंसुद्धा लगेच पकडतं. स्वतःच्या घरातल्या बिया कधीच मारायच्या नाहीत.

आता तो नियम ज्याच्यामुळे मला हा खेळ सगळ्यात जास्त आवडतो. समोरच्याची सगळी घरं रिकामी झाली असतील तर तुम्हाला अशीच चाल करावी लागते की एखादी तरी बी त्याच्या बाजूला पडेल. त्याला उपाशी ठेवून जिंकता येत नाही, त्याला खायला घालून मगच पुढे. अशी चालच शक्य नसेल तर डाव संपला आणि तुमच्या बाजूला उरलेल्या बिया तुमच्या. आणि एका चालीत समोरच्याच्या सगळ्याच्या सगळ्या बिया मारल्या जात असतील तर? यावर गावागणिक वेगवेगळे नियम आहेत, मी मुलांना हा शिकवते की चाल करू शकता पण मारता काही येणार नाही. जो ठेवाल तो डाव सुरू व्हायच्या आधी मोठ्यानं सांगा, मधेच ठरवलं तर रडीचा डाव सुरू होतो.

जिंकणं : ४८ च्या निम्मे २४, म्हणून ज्याच्याकडे आधी २५ जमल्या तो जिंकला. दोघांना २४-२४ तर बरोबरी. कधीकधी शेवटी थोड्याच बिया उरतात आणि त्या नुसत्या गोल फिरत राहतात, तेव्हा दोघांच्या संमतीनं थांबायचं आणि आपापल्या बाजूच्या बिया आपापल्या.

ॲम्स्टरडॅमच्या विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २००२ साली कॉम्प्युटरवर हा खेळ शेवटपर्यंत सोडवून दाखवला, आणि उत्तर आलं की दोघंही अजिबात न चुकता खेळले तर डाव बरोबरीत सुटतो. म्हणजे पहिली चाल कुणाची यावरून भांडायचं कारण नाही, हे पोरांना जरूर सांगा.

चांगलं खेळायला काय लागतं तर नजरेनं मोजता यायला पाहिजे. घरात जितक्या बिया तितकी घरं पुढे शेवटची बी पडणार, हे एक डोक्यात बसलं की मुलं उचलायच्या आधीच बघायला लागतात. दुसरं, स्वतःच्या ओळीत १ किंवा २ बिया असलेली घरं म्हणजे धोका, ती सलग दोन-तीन झाली की समोरचा साखळी लावणार. त्यांच्यात भर टाका नाहीतर तिथून हलवा. आणि बघणाऱ्यांना गप्प बसवू नका. घानात ओवारे बघायला लोक जमतात ते बोलतात, सल्ले देतात, वाद घालतात, ते खेळाचाच भाग आहे. बुद्धिबळासारखी शांतता ठेवायला गेलात तर अर्धी मजा गेली.

लहान पोरांना हे सगळं जड जातं. त्यांच्यासाठी नाम-नाम, तेही घानातलंच, त्याच खळग्यांवर. पेरताना शेवटची बी भरलेल्या घरात पडली तर त्या घरातल्या सगळ्या उचलून पुढे पेरत राहायचं, रिकाम्या घरात पडली की डाव समोरच्याकडे. पेरता पेरता कुठल्याही घरात बरोबर ४ झाल्या की ते घर ज्याचं त्यानं त्या ४ उचलायच्या, फक्त शेवटच्या बीनं ४ झाल्या तर त्या पेरणाऱ्याच्या आणि त्याची पाळी संपली. यात मोजणी कमी, हालचाल जास्त, सहा वर्षांचं पोर खूष होतं.

आपल्यापैकी जे बेंगळुरू-म्हैसूरकडे किंवा तमिळनाडूत राहतात त्यांनी तिकडची अळगुळी मणे किंवा पल्लांकुळी बघितली असेल, ती याच कुळातली. पण नियम वेगळे आहेत, ते यात मिसळू नका.

दिकेतो (दक्षिण आफ्रिका)

हा बघितला की आपल्याकडची कुठलीही आजी म्हणेल की हे तर आमचे गजगे! बऱ्यापैकी खरं आहे, पण फरक आहे आणि फरकातच मजा आहे. सोथो आणि त्स्वाना भाषा बोलणाऱ्या लोकांत याला दिकेतो म्हणतात, शेजारी झिम्बाब्वेत असाच खेळ न्होदो नावानं खेळतात.

जमिनीवर वीतभर रुंदीचं वर्तुळ आखा किंवा तेवढाच उथळ खड्डा करा. आत १० छोटे खडे. बाहेर एक थोडा मोठा, गोलसर खडा, हा वर उडवायचा. मांडी घालून किंवा पाय पसरून शेजारी बसा. एकच हात वापरायचा, दुसरा मांडीवर.

मोठा खडा वर उडवा, तो हवेत असतानाच त्याच हातानं वर्तुळातले खडे ओढून बाहेर काढा, जेवढे येतील तेवढे, आणि खाली येणारा खडा झेला. आता परत उडवा आणि यावेळी बाहेर काढलेल्यातला एक बाहेर ठेवून बाकीचे सगळे वर्तुळात ढकला, परत झेला. तो एक खडा तुमचा, बाजूला ठेवा. असं करत दहाही खडे बाहेर आले की पहिली फेरी झाली. दुसऱ्या फेरीत प्रत्येक वेळी दोन-दोन बाहेर ठेवायचे, तिसऱ्यात तीन-तीन, असं वाढवत जायचं, शेवटी दहाच्या दहा एकदम. तीन-तीनला शेवटी एक उरतो, तो एकटा काढायचा.

खडा खाली पडला, किंवा बाहेर ठेवायचे होते दोन आणि राहिले तीन, की आऊट, पाळी पुढच्याकडे. परत पाळी आली की जिथे आऊट झालात तिथूनच.

गजग्यात आपण जमिनीवरचे खडे मुठीत उचलतो, इथे मुठीत काही घ्यायचंच नाही, नुसतं ओढायचं आणि ढकलायचं. त्यामुळे ज्यांचा हात गजग्यांवर बसलाय त्यांची बोटं सवयीनं मिटतात आणि तिथेच वेळ जातो. मुलांना सांगा की बोटं एकमेकांना चिकटवून तळहात मातीला टेकवून झाडल्यासारखा फिरवा. सुरुवातीला उंच उडवू द्या, हात बसला की हनुवटीच्या वर उडवायचं नाही अशी अट घाला, मग बघा. दोन-तीन खडेच ओढून काढले तर परत ढकलायला सोपं जातं हे मुलं स्वतःहून शोधतात, ते आधी सांगू नका.

एक गोष्ट मला फार भावते. दक्षिण आफ्रिकेत सरकारी पातळीवर देशी खेळांचा महोत्सव होतो, त्यात जे ठरलेले नऊ खेळ आहेत त्यात दिकेतो आहे, खाली सांगितलेलं मोराबाराबा आहे आणि चक्क आपला खो-खोसुद्धा आहे. तिकडे गेलेल्या भारतीय लोकांबरोबर तो पोचला आणि तिथला देशी खेळ म्हणून मानला गेला. ज्या खो-खोचे नियम १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर बसवले गेले त्याला तिथल्या मातीनं आपलं म्हटलंय.

मोराबाराबा (दक्षिण आफ्रिका, लेसोथो)

गुरं राखणारी पोरं दगडावर किंवा मातीवर रेघा मारून हा खेळायची, सोंगट्या म्हणजे खडे आणि त्यांना म्हणायचं गाई. तुम्हाला नवकंकरी येत असेल तर अर्धं काम झालं.

एकात एक तीन चौकोन काढा. बाजूंचे मध्य रेघेनं जोडा, आणि कोपरेही कोपऱ्यांना जोडा, आपल्या नवकंकरीत कोपरे जोडत नाहीत, इथे जोडतात. एकूण २४ जागा होतात. प्रत्येकाला १२ गाई, रंग वेगळे, एकाला काळे खडे एकाला पांढरे. आधी आळीपाळीनं एक-एक गाय मोकळ्या जागेवर ठेवायची. एका रेघेवर तुमच्या तीन आल्या की समोरच्याची एक गाय मारायची, पण त्याच्या जुळलेल्या तिकडीतली नाही, बाहेरची कुठलीही. बाहेर एकही नसेल तरच तिकडी फोडता येते. सगळ्या ठेवून झाल्या की रेघेवरून शेजारच्या मोकळ्या जागी एक-एक घर सरकवायचं. कुणाकडे तीनच गाई उरल्या की त्याला उडता येतं, म्हणजे कुठूनही कुठेही. दोन उरल्या की हरला, किंवा हलायलाच जागा नसेल तरी हरला. नवशिके नेहमी सगळ्या गाई एका कोपऱ्यात कोंबतात आणि सरकवायची वेळ आली की अडकतात, त्यांना पसरून ठेवायला सांगा.

आंपे (घाना)

बसून बसून पाय आखडले की हा. मुख्यतः मुलींचा खेळ, शाळेच्या मधल्या सुट्टीत, अंगणात, टाळ्या आणि गाण्याच्या ठेक्यावर. साधन काहीच नाही.

दोघी समोरासमोर उभ्या राहा. आधी ठरवा, एक "सारखा" आणि दुसरी "वेगळा". दोघी एकदम उडी मारतात, हवेत टाळी, आणि जमिनीवर येताना एक पाय पुढे टाकतात. दोघींनी उजवा टाकला किंवा दोघींनी डावा टाकला तर "सारखा"वालीला पॉइंट, एकीनं उजवा आणि दुसरीनं डावा तर "वेगळा"वालीला. दहा पॉइंटला डाव.

जास्त मुली असतील तर अर्धगोल करून उभं करा, एक म्होरकी ओळीनं प्रत्येकीशी खेळत जाते, जिच्याकडून हरेल ती पुढची म्होरकी. बाकीच्यांनी टाळ्यांचा ठेका सोडायचा नाही, ठेका सुटला की उड्या मागेपुढे होतात आणि "तू बघून पाय टाकलास" चालू होतं. सुरुवातीला ठेका अगदी हळू ठेवा, दोन टाळ्या, उडी, पाय. हवं तर आपलं एखादं भोंडल्याचं किंवा बडबडगीत लावा, चाल बसते. हे अनवाणी मातीवर किंवा गवतावरच, टाईल्सवर नको, गुडघे दुखतात. मुलांनाही घ्या खेळायला, काही बिघडत नाही.

नुसता टाईमपास वाटत असेल तर सांगते, काँगोमध्ये मुलींच्या अशाच पायांच्या खेळातून न्झांगो नावाचा ११-११ जणींच्या टीमचा खेळ उभा राहिला आणि ब्राझाव्हिलला २०१५ साली झालेल्या आफ्रिकन क्रीडास्पर्धेत त्याला जागा मिळाली.

आंतोआच्येरे आणि पिलोलो (घाना)

आंतोआच्येरे शिकवायला पाच मिनिटंही लागत नाहीत, कारण आपल्याला मामाचं पत्र येतं. सगळे गोल करून उकिडवे बसतात, ज्याच्यावर राज्य तो हातात फडकं घेऊन बाहेरून धावतो, तो गाणं म्हणतो, बसलेले साथ देतात, आणि मागे वळून बघायचं नाही. हळूच कुणाच्या तरी मागे फडकं टाकतो. कळलं तर उठून पाठलाग, त्याच्या जागेवर तो बसायच्या आत शिवायचं. कळलंच नाही आणि धावणारा पूर्ण फेरी मारून आला तर फडक्याचे फटके पाठीवर आणि राज्य. फडकं मऊ सुती पाहिजे आणि गाठ मारायची नाही, यावर मी अजिबात तडजोड करत नाही. लहानग्यांना कच्चं लिंबू करून मध्ये बसवा.

पिलोलोला मात्र जागा मोठी लागते, शेत, शाळेचं मैदान, घराचं परसू. एक जण छोट्या काड्या लपवतो, जितके भिडू तितक्या किंवा एखादी कमी. तेवढा वेळ बाकीचे पाठ करून उभे, डोळे मिटलेले. सगळं लपवून झालं की लपवणारा ओरडतो "पिलोलो!" आणि सगळे सुटतात. काडी सापडली की ती घेऊन ठरलेल्या रेषेपर्यंत पळायचं, जो पहिला पोचला त्याला पॉइंट आणि पुढच्या वेळी लपवायचा मान. एकानं एकच काडी उचलायची, दुसरी दिसली तरी हात लावायचा नाही. काड्यांना आधी चुना किंवा रंगीत दोरा लावून खूण करा, नाहीतर मैदानावरची कुठलीही काटकी उचलून पोरं पळत सुटतात. हद्द चार दगड ठेवून दाखवा, विहीर, रस्ता, काटेरी कुंपण हद्दीच्या आत येऊ देऊ नका, आणि लपवणाऱ्याला आधीच बजावून ठेवा की दगडाखाली किंवा बिळाजवळ काडी ठेवायची नाही.

वेळ उरला तर चेंडू करायला घ्या. युगांडात पोरं केळीच्या वाळलेल्या सोपटांचा फुटबॉल करतात, जळगावकडच्या लोकांना तर कच्चा माल दारातच आहे. वाळलेली सोपटं थोडी ओली करा म्हणजे मोडत नाहीत, काहींचा घट्ट गोळा करा, बाकीच्यांच्या पट्ट्या काढून दोरीसारखा पीळ द्या, आणि गोळ्यावर आधी उभी, मग आडवी, मग तिरकी अशी गुंडाळत जा, प्रत्येक फेरीला ओढून आवळायचं. शेवटची टोकं आत खोचा, बाहेर गाठ ठेवलीत तर पायाला लागते. सावलीत वाळू द्या, सुकला की पट्ट्या थोड्या सैल होतात, तेव्हा वरून अजून एक थर गुंडाळा आणि मगच खेळायला द्या.